कोमट पाण्याचे चार डबे

झिपरूला घड्याळ नव्हतं. वेळ कळायची ती इंजिनाच्या ठोक्यावरून आणि गरमी कळायची ती तळहातावरून. इंजिनाच्या पोटातून फिरून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या पाइपावर तो पंजा ठेवायचा आणि मनात आकडे मोजायचा. पाचापर्यंत हात टिकला तर इंजिन सुखात आहे. दोनावरच उचलावा लागला तर पाणी कमी पडतंय, धावायला पाहिजे. एदलाबादजवळ, पूर्णेच्या अंगाला शालिग्राम आबांची केळीची बाग होती. तिच्या विहिरीवरचं पाणी उपसायचं इंजिन झिपरू चालवायचा, आणि नऊ वर्षं हे असं चाललं होतं.

पंचावन्न सालच्या पौषात तोच तळहात दिवसातून पन्नासदा दुसऱ्याच ठिकाणी जायला लागला. मुलीच्या बाजेखाली.

त्याची मुलगी प्रमिला पहूरला दिलेली. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. माहेर म्हणजे काय, तर इंजिनघराला पाठ लावून बांधलेली एक खोली. मातीच्या भिंती, वर पत्रा. दिवस भरायला अजून दोन महिने होते, म्हणून कुणी तयारीत नव्हतं. त्यात त्या आठवड्यात उत्तरेकडून असं वारं सुटलं, की केळीची पानं कडेनं पिवळी पडायला लागली. बागायतदार त्याला चरका म्हणतात. केळीला चरका लागला म्हणून साऱ्या तालुक्यात बोंब होती. त्या बोंबेत सोमवारी पहाटे प्रमिलाला कळा सुरू झाल्या आणि दुपारी मुलगी झाली. सुईण भिकुबाईनं तिला सुपात ठेवलं तेव्हा अर्धं सूपही भरलं नाही. पोर रडली मांजराच्या पिल्लासारखी, एकदाच. मग तेवढंही नाही.

भिकुबाईनं शंभरावर बाळंतपणं केली होती, त्यामुळे ती गोड बोलायची नाही. झिपरूला दाराबाहेर बोलावून तिनं सांगितलं, "पोटात व्हती तितकी ऊब हिले बाहेर लागते. कमी नको, जास्त बी नको. दोन महिने."

झिपरू सायकल हाणत एदलाबादच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर चांगला माणूस होता, पण त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं. अशा लेकरांसाठी मुंबईला काचेची पेटी असते, आतली हवा सारखी उबदार ठेवतात, असं त्यानं सांगितलं. इथे तुझी खोली हीच पेटी समज. धूर होऊ देऊ नकोस. आईचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाज. आणि पायाचे तळवे बघत जा. तळवे गार पडले की समज, लेकरू हरायला लागलं.

मुंबईत पेटी आणि एदलाबादेत सल्ला. गरिबाच्या वाट्याला हेच यायचं, त्यात नवल नाही. झिपरूनं रागानं सायकल इतकी हाणली की वाटेत साखळी उतरली.

घरी येऊन बघतो तर बायकोनं, शेवंताबाईनं, कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून शेगडी आत नेलेली. बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवायची रीतच आहे आपल्याकडे. धडधाकट लेकरू धुरात खोकतं, रडतं आणि वाढतं. हे खोकलं नाही. ओठ जांभळे पडले फक्त. शेगडी बाहेर आली. मग बाटल्यांत उकळतं पाणी भरून, चिंध्या गुंडाळून दोन्ही अंगांना ठेवलं. पहिल्या घटकेला पोर लालबुंद, तासाभरानं बाटली गार आणि पोरही गार. पुन्हा चूल, पुन्हा पाणी. सोमवारची रात्र आणि मंगळवारची सकाळ दोघी बायका अशा धावत होत्या, आणि झिपरू दारात उभा. पुरुषमाणसानं बाळंतिणीच्या खोलीत जायचं नसतं. तो इंजिनापाशी जायचा, पाइपावर हात ठेवायचा, परत दारात यायचा.

मंगळवारी अशाच एका फेरीत हात पाइपावरच राहिला. पाच झाले, दहा झाले. पाणी धो धो पाटात पडत होतं आणि पाटावर वाफ दिसत होती. इंजिन थंड राहावं म्हणून विहिरीचं पाणी त्याच्या पोटातून फिरवायचं आणि ते तापून बाहेर आलं की पाटात सोडून द्यायचं. नऊ वर्षं ही गरमी त्यानं पाटात ओतली होती. थंडीत बाया तिथे धुणं घेऊन यायच्या, तेवढाच तिचा उपयोग.

इथे झिपरूचं थोडं सांगायला हवं. त्याला अक्षर येत नव्हतं. वयाच्या सोळाव्या वर्षी तो पळून धुळ्याला गेला आणि भाईदास मिस्त्रीच्या कारखान्यात चार वर्षं राबला. तिथे तो लोखंड शिकला. मिस्त्री शिकवायचा कमी आणि पान्यानं पाठीत मारायचा जास्त, पण एकदा शिकवलेलं हाडात बसायचं. थंडीच्या दिवसांत रोज संध्याकाळी तो ओरडायचा, "झिपरू, थंडीमा यंत्रना पोटमा पानी ठेवू नको. बठ्ठं काढी टाक, मंगच घर जा." पुढे झिपरूनं कापसाच्या दोन जिनिंगांत नोकऱ्या धरल्या आणि दोन्ही जिभेपायी घालवल्या. मालकाला तोंडावर मूर्ख म्हणायचं तर मालक खरोखर मूर्ख असून भागत नाही, हे त्याला उशिरा कळलं. शालिग्राम आबांकडे टिकला, कारण आबा फारसं बोलायचे नाहीत.

तर झिपरूनं रॉकेलचे चार रिकामे डबे आणले. कथलाचा डाग देऊन त्यांची तोंडं बंद केली, एकातून दुसऱ्यात नळी घातली. भिंतीला भोकं पाडून इंजिनाचं गरम पाणी आत घेतलं, बाजेखालच्या चारही डब्यांतून फिरवलं आणि पलीकडच्या भोकातून पाटात सोडलं. हे करताना तो खोलीत शिरला, बाजेखाली आडवा झाला. शेवंताबाईनं विटाळाचं नाव काढलं. तो म्हणाला, मग तू दे डाग.

संध्याकाळी डबे भरले. शेवंताबाईनं हात लावून पाहिला आणि तिचं तोंड उतरलं.

"हे तं कोमट हाये."

"कोमटच राहीन."

"यानं काय व्हईल? खोली तं तशीच थंडगार."

"आज नही व्हनार. उद्या बघजो," झिपरू म्हणाला. "शेगडीवानी पटकन नही तापत हे. पन थांबत बी नही. दारं-फटी बुजव, आनि सारखं उघडू नको."

बोलला खरा असा, पण त्याला स्वतःला कुठे ठाऊक होतं? लोखंडाचं ठाऊक होतं. मातीच्या खोलीचं आणि अर्ध्या सुपाच्या लेकराचं ठाऊक नव्हतं.

रात्रीतून दोघांनी केळीच्या सोपटांचे, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालींचे, गठ्ठे आणले. पत्र्याखाली सोपटं दाटून बसवली. भिंतीच्या फटी शेणानं लिंपल्या. दाराला आतून गोधडी टांगली. वाफा राखायला जे केळीला करतात तेच. पहाटेपर्यंत फरक पडला नाही. शेवंताबाई दर घटकेला डब्याला हात लावायची आणि नवऱ्याकडे बघायची. ते बघणं शिवीपेक्षा वाईट होतं. मग बुधवारी उजाडताना तिच्या लक्षात आलं, की भिंतीला टेकलं तर भिंत गार लागत नाही. पोरीचे तळवे तिनं आपल्या गालाला लावले. कोमट. डब्यासारखेच.

त्या दिवशी झिपरूनं एक चूक केली. बाहेर वारं आणखी चावायला लागलं तसा त्याचा धीर सुटला. डबे जास्त तापावेत म्हणून त्यानं तोटी आवळून इंजिनात जाणारं पाणी कमी केलं. डबे चटके द्यायला लागले, पोर लाल होऊन धापा टाकायला लागली आणि इकडे इंजिनानं ठोका बदलला. आणखी घटकाभर तसंच राहिलं असतं तर आतलं लोखंड लोखंडाला चिकटून बसलं असतं, आणि मग सगळंच संपलं असतं. त्यानं धावत जाऊन पाणी पुन्हा मोकळं सोडलं. मग तो पाटाच्या कडेला बसला आणि स्वतःला एक शिवी घातली. कोमटच राहीन असं बायकोला सांगणारा तूच ना?

तेवढ्यात शालिग्राम आबा आले. रात्रभर इंजिन का चाललंय, असं त्यांनी विचारलं. झिपरूनं सांगितलं की विहिरीचं पाणी या दिवसांत ऊन असतं, ते बागेत फिरत राहिलं तर मुळांना थंडी लागणार नाही. आणि मग खोलीचंही सांगितलं, कारण लपवणं त्याला जमायचं नाही. आबांनी पाइपाला हात लावला. खोलीच्या दाराकडे लांबूनच पाहिलं. "चालू दे. पन इंजन बसलं तर बाग जाईन, आनि मंग तुहं बी काही खरं नही," एवढंच म्हणाले आणि गेले.

म्हणजे आता एका इंजिनावर दोन जीव टांगले होते. गुरुवार तसाच गेला. झिपरू इंजिनाच्या कुशीला पोतं टाकून झोपायचा आणि ठोका जरा अडखळला की उठून बसायचा.

शुक्रवारी पाचवा दिवस. दुपारच्या गाडीनं पहूरहून विहीण आली, प्रमिलाची सासू इंदिराबाई. उंच, सरळ पाठीची बाई. पाचवीच्या पूजेचं सगळं सामान टोपलीत घालून, डोक्यावर घेऊन स्टँडपासून चालत आली होती. नातीला बघून तिनं डोळे पुसले, आणि मग पदर खोचून पूजेची मांडणी सुरू केली. पाट, तांदूळ, पानसुपारी, कोरा कागद, बोरू. पाचवीला सटवाई येते आणि त्या कागदावर लेकराचं नशीब लिहून जाते.

मांडून झालं आणि तिनं झिपरूला दारात बोलावलं.

"भाऊ, हे धडधड बंद करा आता. या आवाजात सटवाई उंबऱ्यापाशी बी नही येवाची. तिनं लिवलं नही तं पोर कशावर जगीन?"

झिपरूनं समजावलं. हा आवाज आहे म्हणून ऊब आहे, अक्का, असं दोनदा सांगितलं. इंदिराबाई म्हणाली की तिच्या चार लेकरांपैकी दोघांच्या पाचव्या नीट झाल्या नव्हत्या. पुढचं सांगायची गरज नव्हती.

दोन जिनिंगांच्या मालकांना तोंडावर बोललेला हा माणूस तिथे गप्प उभा राहिला. मुलीच्या बापाच्या तोंडाला आपल्याकडे लग्नातच कुलूप बसतं आणि किल्ली विहिणीच्या कमरेला जाते. वर ती बाई वाईट असती तर बरं झालं असतं. ती घाबरलेली होती, त्याच्याइतकीच, आणि तिच्याकडे दोन मेलेल्या लेकरांचा दाखला होता.

"किती येळ?" त्यानं विचारलं.

"दिवा चाले तोवर."

"दार मात्र लावूनच राहीन."

"कडी नका घालू मंग. नुसतं लोटून ठेवा."

दिवेलागणीला त्यानं इंजिन थांबवलं. तीन दिवसांनी शांतता झाली आणि ती त्याला कानात टोचायला लागली. आणि अशा वेळी हात आपलं काम आपण करतात. थंडीत इंजिन थांबलं की काय करायचं ते त्याच्या हातांना धुळ्यापासून माहीत होतं. त्यानं खालची तोटी फिरवली आणि इंजिनाच्या पोटातलं गरम पाणी सगळं पाटात सोडून दिलं. शेवटची धार थांबली तेव्हा त्याला कळलं, आपण काय केलं ते. त्या पाण्यानं लोखंड दोन-तीन तास सहज उबदार राहिलं असतं. आता उघड्या पत्र्याखाली, उत्तरेच्या वाऱ्यात, रिकामं लोखंड.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. दाराच्या फटीतून दिव्याकडे बघत बसला. इंदिराबाईनं दिव्यात तेल हात न आवरता घातलं होतं.

दोन तासांनी दिवा गेला. झिपरू उठला, हँडल लावलं, फिरवलं. जड चाकं फिरली, इंजिनानं एक पोकळ उसासा टाकला आणि थांबलं. पुन्हा. पुन्हा. तेल थंडीनं दाट झालं होतं. त्यानं चिंधी रॉकेलात भिजवून, पेटवून हवा ओढायच्या तोंडाशी धरली आणि चाक हलकं फिरावं म्हणून उचलून ठेवायच्या खिट्टीशी शेवंताबाईला उभं केलं. मी म्हणालो की खाली पाड, असं सांगितलं. तिनं पाडली. इंजिन एकदा खोकलं आणि मेलं. चाळीसदा फिरवून झालं तेव्हा त्याचे हात खांद्यापासून लोंबत होते. खोलीत जाऊन त्यानं डब्यांना पंजा लावला. दहापर्यंत मोजलं. ऊब होती अजून, पण दमलेली ऊब. जशी खोली हळू तापली तशी ती हळूच थंड होणार, हे त्याला आता ठाऊक झालं होतं. हळू म्हणजे किती? पहाटेपर्यंत नक्की नाही. चुलीवर हंडा चढवला होता, पण दहिवरानं ओल्या झालेल्या पऱ्हाट्या नुसत्या धुमसत होत्या. इंजिनाचं पोट भरायला तीन बादल्या गरम पाणी लागतं. आणि तेवढं गरम पाणी या मळ्यात फक्त एकाच ठिकाणी होतं.

तो बाजेखाली वाकला आणि पहिल्या डब्याची नळी सोडायला लागला.

"काय करू राह्यले?" इंदिराबाईनं विचारलं.

"हे पानी इंजनाले पाजतो. त्याशिवाय ते उठनार नही."

"पोरीच्या खालची ऊब काढता तुम्ही?"

"दोन डबे काढतो. दोन राहतीन." त्यानं मान वर केली नाही. "अक्का, पानी मीच सोडलं इंजनातलं. सवयीनं. तुमच्या सटवाईचा दोष नही."

बाजेवर प्रमिला हुंदका गिळत होती. चार दिवसांची ओली बाळंतीण, तिच्या अंगात ताप चढला होता आणि हातपाय थंडीनं कापत होते. इंदिराबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग लेकराकडे. मग तिनं चोळीची गाठ सोडली, पोरीला उचलून उघड्या छातीशी धरलं, वरून लुगडं, त्यावर गोधडी, अशी स्वतःला गुंडाळून ती राहिलेल्या दोन डब्यांना पाठ लावून जमिनीवर बसली.

"घ्या. जा."

झिपरूनं डबे नेले. धक्क्यानं पूजेचा पाट सरकला, तो त्यानं तेलकट हातानंच मागे लोटला. एकेका डब्यातलं पाणी इंजिनाच्या पोटात ओतलं, वर चुलीवरचा अर्धवट तापलेला हंडा ओतला. मग थांबला. घाई करून उपयोग नव्हता; लोखंडाला पाणी भिनायला वेळ द्यायला पाहिजे होता, आणि तो वेळ पोरीच्या अंगातून जात होता. त्यानं लोखंडाला तळहात लावला. गार. मोजत राहिला. शंभराच्या पुढे गेला. दीडशेला गारपणा गेल्यासारखा वाटला. वाटला, की वाटवून घेतला, कोण जाणे.

"पाड म्हणालो की पाड," तो शेवंताबाईला म्हणाला आणि हँडलाला अंग लावलं.

पहिल्यांदा खोकलं. दुसऱ्यांदा दोन ठोके दिले आणि अडलं. तिसऱ्यांदा ठोका, ठोका, मग मोठी उचकी लागल्यासारखा खंड, आणि शेवंताबाईनं डोळे मिटले. मग पुन्हा ठोका. चाकांनी वेग घेतला. झिपरू त्याच्याकडे बघत उभा राहिला, पाठ फिरवली तर बंद पडेल अशा भीतीनं.

डबे परत जोडले. पाणी आलं तेव्हा ते विहिरीच्याच उबेचं होतं, जेमतेम. इंदिराबाईनं गोधडीतूनच विचारलं, आता किती वेळ.

"सकाळ व्हईल," तो म्हणाला.

"मंग मी सकाळपर्यंत बसते."

ती बसली. पाठ सरळ ठेवून, हललीसुद्धा नाही. मधूनमधून लुगड्याआड हात घालून तळवे चाचपायची आणि मान हलवायची. हो म्हणून, की नाही म्हणून, ते अंधारात झिपरूला कळायचं नाही, आणि विचारायची त्याला छाती होत नव्हती. कोंबडं आरवल्यावर कधीतरी गोधडीतून आवाज आला. मांजराच्या पिल्लासारखाच, पण थांबला नाही. भुकेचा होता.

सकाळी इंदिराबाईनं पूजेचं आवरलं. कोऱ्या कागदावर काळ्या तेलाचा पूर्ण अंगठा उमटलेला होता. तिनं तो उजेडात धरून पाहिला, झिपरूकडे पाहिलं, आणि घडी करून बटव्यात घातला. त्याबद्दल ती तेव्हा बोलली नाही आणि पुढेही कधी नाही. जाताना एवढंच म्हणाली, की इंजिन बंद करायचं कुणी सांगितलं तर माझं नाव सांगा.

त्यानंतर कुणी सांगितलं नाही. आबांची निम्मी बाग चरक्यातून वाचली, आणि ती विहिरीच्या पाण्यानं की वारं पडल्यानं, यावर गावात बरंच बोलणं झालं. चार डब्यांबद्दल कुणी बोललं नाही. महाशिवरात्र झाली, होळी झाली, पत्रा दुपारी तापायला लागला. भिकुबाई येऊन हसून गेली, अरे बापा, आता तिले घाम येऊ राह्यला. तरी झिपरू डबे काढायला तयार होईना. रोज म्हणायचा, उद्या.

चैत्रात एका दुपारी त्यानं इंजिन थांबवलं, भोकं बुजवली आणि डबे उन्हात उपडे घातले. मग हातपाय धुऊन खोलीत आला. पोर बाजेवर झोपली होती, आता सूपभर. बाहेर कसलाच आवाज नव्हता. त्यानं तिचे दोन्ही तळवे पंज्यात धरले आणि पाचापर्यंत मोजलं. मग, खात्री नव्हती म्हणून, पुन्हा एकपासून सुरुवात केली.